हवाई चित्रे आणि रस्त्यावरचे फोटो एकमेकांशी ताडून गावाचा डिजिटल नकाशा कसा सुधारावा

ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही पाहता, वापरता आणि दुरुस्त करता येणारा जगाचा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांचे मुख्य रस्ते त्यावर बऱ्यापैकी भरलेले आहेत, पण लहान गावांकडे वळले की अनेक ठिकाणी एक राज्यमार्ग, त्याला फुटलेले चार-दोन रस्ते आणि मध्ये गावाचे नाव असलेला ठिपका एवढ्यावरच नकाशा संपतो. अशा गावाचा नकाशा भरताना घरबसल्या उपग्रहचित्रावरून रेषा ओढणे पुरत नाही आणि मोबाइल घेऊन गल्लीबोळांतून नुसते फिरणेही पुरत नाही. वरून घेतलेले चित्र आणि जमिनीवरून काढलेले फोटो यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहावी लागते. ती कशी ताडावी, हे पुढे कामाच्या क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी, म्हणजे पुढचे बरेच गोंधळ टळतात. एखादी वस्तू नेमकी कुठे आहे आणि तिचा आकार कसा आहे, हे हवाई चित्राला विचारावे. ती वस्तू काय आहे, तिचे नाव काय आणि तिथून कोणाला जाता येते, हे रस्त्यावरच्या फोटोला विचारावे. माझ्या पाहण्यात नकाशाचे सर्वाधिक नुकसान हे प्रश्न उलटे विचारल्यामुळे होते. कोणी फोनमधील जीपीएसच्या भरवशावर नीट काढलेल्या इमारती सरकवतो, तर कोणी छपराच्या रंगावरून इमारतीचा उपयोग ठरवून मोकळा होतो.

कोणती चित्रे वापरता येतात

चित्र डोळ्यांना दिसते म्हणून त्यावरून नकाशा काढण्याची मुभा असतेच असे नाही. मायक्रोसॉफ्टने बिंगची हवाई चित्रे ओपनस्ट्रीटमॅपसाठी गिरवण्याची परवानगी २०१० साली दिली. नकाशाची संगणकप्रणाली बनवणाऱ्या एस्री या कंपनीची जागतिक चित्रेही या कामासाठी खुली आहेत, आणि दोन्ही थर ‘आयडी’ व ‘जोसम’ या नकाशा संपादित करण्याच्या साधनांत आधीपासून जोडलेले असतात. गूगलची उपग्रहचित्रे मात्र कितीही स्पष्ट असली तरी त्यांवरून गिरवता येत नाही. गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा २०२२ च्या जुलैमध्ये भारतातील दहा शहरांत सुरू झाली आणि त्यांत मुंबईबरोबर पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर यांचाही समावेश होता, त्यामुळे तिथली दुकानांची नावे पाहून भरण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु त्या चित्रांतून वाचलेली पाटी ओपनस्ट्रीटमॅपवर लिहिणे हा अटींचा भंग ठरतो, आणि अशी भरलेली माहिती पुढे कोणीतरी शोधून काढून टाकते.

जमिनीवरच्या फोटोंसाठी मॅपिलरी ही सेवा सर्वांत सोयीची आहे. स्वीडनमधील माल्मो शहरात २०१३ साली ती सुरू झाली, २०२० मध्ये फेसबुकने ती विकत घेतली, आणि तिच्यावरील फोटोंमधून ओपनस्ट्रीटमॅपसाठी माहिती घेण्याची स्पष्ट परवानगी आहे. चेहरे आणि वाहनांच्या नंबरप्लेट ती आपोआप धूसर करते. कार्टाव्ह्यू आणि फ्रान्समध्ये सुरू झालेली पॅनोरामॅक्स या तिच्यासारख्याच इतर सेवा होत. आपल्या गावात यांपैकी कशावरही एकही फोटो नसण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून फोटो आपणच काढायचे आहेत असे धरून चालावे.

हवाई चित्र आधी जागेवर आणावे

उपग्रहचित्र कॅमेऱ्यातून जसे येते तसे नकाशावर बसत नाही. पृथ्वीचा गोलवा, कॅमेऱ्याचा कल आणि जमिनीचा चढउतार यांचा हिशेब करून ते ताणून बसवलेले असते. या हिशेबात जमिनीच्या उंचीची माहिती ढोबळ असेल तर चित्र काही मीटर बाजूला सरकते. सोलापूर किंवा लातूरकडच्या सपाट प्रदेशात हा फरक सहसा लहान आणि सगळीकडे सारखा असतो. सह्याद्रीत मात्र एका खोऱ्यात चित्र पूर्वेला सरकलेले आणि डोंगर ओलांडला की पश्चिमेला सरकलेले, असे घडू शकते. म्हणून घाटमाथ्यावरच्या गावासाठी जुळवलेला सरक, ज्याला मॅपर, म्हणजे नकाशा भरणारे लोक, ‘ऑफसेट’ म्हणतात, तो खालच्या कोकणातल्या गावाला जसाच्या तसा लावू नये.

चित्र किती सरकले आहे हे पाहण्यासाठी जीपीएसच्या नोंदी लागतात. ओपनस्ट्रीटमॅपवर इतरांनी चढवलेल्या नोंदी असतील तर तो थर चालू करावा, नसतील तर स्वतः नोंदवाव्यात. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. त्यामुळे एका फेरीच्या नोंदीवरून चित्र कधीही सरकवू नये. एकाच रस्त्यावरून वेगवेगळ्या दिवशी आणि दोन्ही दिशांनी केलेल्या फेऱ्यांच्या रेषा एकावर एक ठेवल्या की त्यांचा मधला मार्ग रस्त्याच्या खऱ्या मध्याजवळ येतो. मग चित्रातला रस्ता त्या मधल्या मार्गाखाली येईल इतके चित्र सरकवावे आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो आधीच्या रस्त्याला काटकोनात असलेल्या रस्त्यावर, पुन्हा तपासावे. एकाच दिशेच्या रस्त्यावर तपासणी केली तर त्या रस्त्याच्या लांबीच्या दिशेने असलेली चूक दिसतच नाही.

आयडीमध्ये ही सोय पार्श्वभूमीच्या पट्टीत असते आणि जोसममध्ये चित्रांच्या मेनूत नवा ऑफसेट तयार करता येतो. गावातल्या आधीच काढलेल्या सगळ्या इमारती आपल्या चित्रापेक्षा एकाच दिशेला तेवढ्याच अंतराने सरकलेल्या दिसल्या, तर त्या चुकल्या आहेत असे लगेच समजू नये. आधीच्या मॅपरने दुसरे चित्र वापरलेले असते, आणि कदाचित तेच अधिक बरोबर असते.

छप्पर नव्हे, पाया

चित्र जागेवर बसले तरी उंच इमारती झुकलेल्याच दिसतात, कारण उपग्रह क्वचितच बरोबर डोक्यावर असतो. कॅमेऱ्याचा कल २० अंश असेल तर २५ मीटर उंचीच्या, म्हणजे सुमारे आठ मजली इमारतीचे छप्पर तिच्या पायापासून नऊ मीटर दूर दिसते. एवढ्या अंतरात एक अख्खा रस्ता मावतो. म्हणून छपराची कड गिरवून घ्यावी, कारण ती स्पष्ट असते, आणि मग तो संपूर्ण आकार उचलून भिंत जमिनीला टेकते तिथे आणून ठेवावा. एकमजली घरांच्या गावठाणात याची फारशी गरज नसते, पण बसस्थानकाजवळ उभ्या राहिलेल्या नव्या अपार्टमेंटना ती पडते. शेजारशेजारच्या दोन चित्रांच्या सांध्यावर एका बाजूच्या इमारती एकीकडे आणि दुसऱ्या बाजूच्या भलतीकडे झुकलेल्या दिसल्या, तर तिथे कोणत्या चित्रावरून गिरवायचे ते आधी ठरवावे.

रस्ते, नाले, तळी, शाळेचे मैदान, स्मशानभूमी, ठळक इमारती एवढे या टप्प्यात काढून घ्यावे. ज्याचा अर्थ लागत नाही ते नुसत्या आकारासह ठेवावे आणि त्या ठिकाणांची एक यादी करावी. फोटो काढायला निघताना ही यादी हातात असणे फार महत्त्वाचे आहे. ती नसली तर माणूस मुख्य पेठेचे शेकडो फोटो काढून परततो, आणि ज्या जागेसाठी गेलो होतो ती तशीच राहून जाते.

फोटो काढताना

फोन आडवा धरून, वाहनाच्या काचेवर किंवा सायकलच्या हँडलवर घट्ट बसवून, मॅपिलरीच्या ॲपला ठराविक अंतराने फोटो घेऊ द्यावेत. समोर तोंड केलेला कॅमेरा रस्त्याचा पृष्ठभाग, दुभाजक आणि वाहतुकीच्या पाट्या टिपतो, परंतु दुकानांच्या पाट्या त्याला तिरप्या दिसतात आणि वाचता येत नाहीत. बाजारपेठेत म्हणून एक फेरी समोर आणि एक फेरी बाजूला कॅमेरा धरून पायी करावी. ३६० अंशांचा कॅमेरा असेल तर एकाच फेरीत काम होते, मात्र त्याच्या फोटोंत दूरच्या पाटीवरील अक्षरे साध्या फोनच्या फोटोइतकी स्पष्ट येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

वेळ निवडताना सूर्य पाठीशी राहील असे पाहावे. पूर्व-पश्चिम रस्ता सकाळी पश्चिमेकडे तोंड करून घ्यावा. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नये, कारण ताडपत्र्या आणि गर्दीत दुकाने झाकली जातात. बाजारपेठेच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पाट्या मोकळ्या दिसतात, परंतु कायमचे बंद पडलेले दुकान आणि त्या दिवसापुरते बंद असलेले दुकान यांत फोटोवरून भेद करता येत नाही. मला सुट्टीचा दिवसच अधिक सोयीचा वाटतो, कारण उरलेल्या शंका चहाच्या टपरीवर विचारून सुटतात.

फोन न वापरता वेगळा कॅमेरा आणि वेगळा जीपीएस वापरणाऱ्यांनी घड्याळाकडे काटेकोर लक्ष द्यावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात १० मीटर पुढे जाते, म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळ तीन सेकंद मागे असेल तर प्रत्येक फोटो ३० मीटर चुकीच्या जागी बसतो. फेरी सुरू करण्याआधी जीपीएसच्या पडद्यावरील वेळेचाच एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे जोसममध्ये फोटो आणि मार्ग जुळवताना नेमका फरक कळतो. जीपीएसची नोंद जागतिक प्रमाणवेळेत असते आणि कॅमेरा भारतीय वेळेत, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक भरावा लागतो, आणि त्यातला अर्धा तास विसरला की फोटो शेजारच्या गावात जाऊन पडतात.

कायद्याची बाजूही इथेच पाहून घ्यावी. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर नकाशाची माहिती गोळा करण्यासाठी आधीसारखी पूर्वपरवानगी लागत नाही. रस्त्यावरून चित्रे घेऊन केलेले सर्वेक्षण मात्र भारतीय नागरिक आणि भारतीय संस्था यांनाच करता येते, मग त्याची अचूकता काहीही असो. लष्करी ठाणी आणि तत्सम ठिकाणांजवळ कॅमेरा बंद ठेवावा. त्याखेरीज, नदीवर कपडे धुणाऱ्या बाया, घरांची उघडी दारे, शाळेच्या फाटकातली मुले यांच्यासमोरून जाताना कॅमेरा खाली करणे ही साधी रीत आहे, आणि चेहरे धूसर होतात हे तिला उत्तर होऊ शकत नाही.

दोन्ही चित्रे समोरासमोर

आता आयडी किंवा जोसममध्ये खाली हवाई चित्र, त्यावर मॅपिलरीचा थर आणि शेजारी उघडलेला फोटो अशी मांडणी करावी. फोटोचा ठिपका नकाशावर जिथे दिसतो ती कॅमेऱ्याची जागा असते, फोटोतल्या वस्तूची नव्हे. ही बाब लक्षात न घेतल्यामुळे दुकाने, विहिरी आणि बसथांबे रस्त्याच्या मधोमध आलेले नकाशे पुष्कळ आहेत. वस्तूची जागा काढण्यासाठी ती ज्या दोन फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसते ते घ्यावेत, प्रत्येक फोटोच्या ठिपक्यापासून वस्तूच्या दिशेने मनात रेषा ओढावी, आणि त्या जिथे छेदतात तिथल्या हवाई चित्रात काय आहे ते पाहावे.

कॅमेऱ्याची नोंदलेली जागाही अरुंद बोळांत भरवशाची नसते. उंच भिंतींवरून परावर्तित होऊन येणाऱ्या संकेतांमुळे ती दहा-पंधरा मीटर हुकू शकते, कधी शेजारच्या गल्लीतही जाते. अशा वेळी दोन्ही चित्रांत ओळखू येणाऱ्या खुणा शोधाव्यात. गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी, निळा पत्रा, दोन खांबांवर बसवलेली विजेची डीपी, रस्त्याला मिळणारा नाला, एकटे मोठे वडाचे झाड या त्यातल्या चांगल्या खुणा. फोटोतली तिसरी टाकी आणि चित्रातली तिसरी टाकी जुळली की जीपीएस काय म्हणते याला महत्त्व उरत नाही. त्या फोटोंच्या जागेवरून हवाई चित्र सरकवण्याचा विचारही मग करू नये.

पुण्याच्या जुन्या पेठांत, किंवा वाई, पैठण यांसारख्या जुन्या गावांत, वरून पाहिल्यावर कौलारू छपरांची सलग पट्टी दिसते आणि तिच्यात मधूनमधून चौकोनी भोके दिसतात. ती भोके म्हणजे वाड्यांचे चौक. वाडा कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो हे वरून कळत नाही, कारण भिंत सामाईक असते आणि छप्पर जोडलेले असते. रस्त्यावरून मात्र दरवाजे, भिंतीचा रंग बदलणे, घर क्रमांकाची पाटी आणि छपराच्या उंचीतला फरक यांवरून सीमा ठरवता येते. त्या मोजून हवाई चित्रातल्या पट्टीचे तुकडे करावेत आणि चौक मोकळे ठेवावेत. पहिल्या मजल्याखालून आत शिरणारा बोळ तर वरून दिसणे शक्यच नसते. चित्रात तो एका इमारतीशी संपतो आणि मागच्या बाजूला पुन्हा सुरू होतो. फोटोत कमान दिसली की तो बोळ इमारतीखालून सलग काढावा आणि तेवढ्या भागाला इमारतीतून जाणाऱ्या मार्गाचा टॅग, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारी नोंद, द्यावा. पायी चालणाऱ्याला मार्ग दाखवणाऱ्या ॲपसाठी या एका जोडणीने बराच वळसा वाचतो.

नदीनाल्यांवरची बांधकामे हा आपल्याकडचा सर्वांत फसवा प्रकार आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. वरून पाहिले तर पूल, फरशी पूल आणि कोल्हापुरी बंधारा हे तिन्ही पात्राला आडव्या गेलेल्या एकेका करड्या पट्टीसारखे दिसतात. हवाई चित्रे ढग टाळण्यासाठी बहुधा दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतच्या काळातली असतात, त्यामुळे पात्र कोरडे असते आणि पट्टीवर चाकांच्या खुणा दिसतात, आणि मॅपर निर्धास्तपणे पूल काढतो. फरशी पूल काठाच्या पातळीपेक्षा खाली असतो, त्याला कठडे नसतात किंवा काढता येणारे असतात, आणि पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जाते. फोटोत रस्ता दोन्ही काठांवरून खाली उतरताना दिसला की तो फरशी पूल समजावा आणि पाण्याखाली जाणाऱ्या पुलाचा टॅग द्यावा. कोल्हापुरी बंधाऱ्यात खांबांच्या मधल्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता येणाऱ्या फळ्या, घातलेले असतात. पावसाळा संपताना ते बसवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. वरच्या अंगाला साठलेले पाणी आणि खालच्या अंगाला कोरडे पात्र असे चित्र दिसले तर तो बंधारा असण्याचा संभव मोठा. त्याच्या माथ्यावरून लोक पायी किंवा दुचाकीवरून जात असतात, परंतु मोटार जाईल की नाही हे रुंदी दाखवणाऱ्या फोटोशिवाय ठरवू नये. रुग्णवाहिकेला नकाशाने बंधाऱ्यावरून पाठवणे हे नकाशात रस्ता नसण्यापेक्षा वाईट आहे.

शेतशिवारात लांबट छप्परे दिसतात. नाशिक जिल्ह्यात त्यांतली पुष्कळ कांदाचाळी असतात, पण तशाच मापाची कोंबड्यांची शेड आणि गोठेही असतात. फोटोत बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या आणि जमिनीपासून उचललेला तळ दिसला तर चाळ, बाजूने बारीक जाळी आणि पडदे दिसले तर कोंबड्यांची शेड. संगणकाने हवाई चित्रांवरून आपोआप काढलेल्या इमारतींचे संच आता उपलब्ध आहेत आणि ते वापरण्यास हरकत नाही, परंतु ते या सर्वांना एकच ‘इमारत’ म्हणतात, पॉलिहाऊसलाही कधी घर समजतात आणि गावठाणातली दहा घरे एका आकारात गुंडाळतात. प्रत्येक आकार पाहूनच स्वीकारावा. शेततळे मात्र प्लास्टिकच्या अस्तरामुळे वरूनच ओळखू येते आणि त्यासाठी शेतात शिरण्याची गरज नसते. उसाच्या पट्ट्यात पाणंद रस्ते उभ्या पिकामुळे अर्धवट दिसतात. तिथे तोडणीनंतरचे चित्र मिळाले तर उत्तम, नाही तर चालत जाऊन घेतलेली जीपीएसची नोंद हाच आधार.

कोकणात हवाई चित्राची मर्यादा लवकर येते. आंबा, नारळ, सुपारी यांच्या सावलीत घरे झाकलेली असतात, आणि जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी तर वरून जवळजवळ दिसतच नाही. इथे वर सांगितलेला क्रम उलटा करावा. आधी पाखाड्यांवरून चालून जीपीएसच्या नोंदी आणि फोटो घ्यावेत, पाच-सहा फेऱ्यांचा मधला मार्ग काढावा आणि मग हवाई चित्रात झाडांच्या फटीतून दिसणारे कौलांचे तुकडे, विहिरी आणि देवळाचे शिखर यांच्याशी तो बांधून घ्यावा. पायऱ्या असलेला भाग आणि उतार असलेला भाग वेगळा दाखवावा, कारण सामान घेऊन जाणाऱ्याला आणि म्हाताऱ्या माणसाला तोच फरक महत्त्वाचा असतो.

नावे हा फोटोंचा खरा लाभ आहे, तरी सगळी नावे फोटोत सापडत नाहीत. एसटीच्या थांब्यावर, ग्रामपंचायतीच्या कमानीवर आणि शाळेच्या भिंतीवर लिहिलेले नाव जसेच्या तसे देवनागरीत घ्यावे. वाडी-वस्त्यांची नावे मात्र बहुधा पाटीवर नसतातच आणि ती विचारूनच मिळतात. पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरे नाव असेल तर दुसरे नाव पर्यायी नावाच्या टॅगमध्ये नोंदवावे, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हींनी गाव सापडते.

दोन चित्रे भांडतात तेव्हा

हवाई चित्रात घर आहे आणि फोटोत मोकळी जागा आहे, किंवा याच्या उलट, असे वारंवार होते. अशा वेळी आधी दोन्हींच्या तारखा पाहाव्यात. फोटोची तारीख नेमकी असते. बिंग आणि एस्री यांच्या चित्रांची तारीख आयडीच्या पार्श्वभूमीच्या माहितीत बहुतेक ठिकाणी दिसते, पण एकाच गावाचे दोन तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे असू शकतात, म्हणून ज्या ठिकाणी वाद आहे तिथलीच तारीख पाहावी. जे अलीकडचे ते खरे, हा नियम वस्तू आहे की नाही यापुरता चालतो. ती कुठे आहे हे ठरवताना जुने पण नीट बसलेले चित्र नव्या पण सरकलेल्या चित्रापेक्षा चांगले. रस्तारुंदीकरणात पुढची भिंत गेलेली इमारत हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. तिची मागची बाजू जुन्या चित्रावरून ठेवावी आणि पुढची कड फोटोत दिसणाऱ्या नव्या गटाराच्या किंवा पदपथाच्या ओळीला आणावी.

समृद्धी महामार्गाने हा प्रश्न अनेक गावांत निर्माण केला. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा मार्ग टप्प्याटप्प्याने उघडला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा भाग जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. जुन्या हवाई चित्रात तिथे मातीचा भराव दिसतो, नव्यात पूर्ण रस्ता दिसतो, परंतु त्याने कापलेला गावरस्ता आता कुठल्या बोगद्यातून पलीकडे जातो, तो बोगदा किती उंच आहे आणि सेवारस्त्याला कुठे मिळतो, हे वरून कळत नाही. महामार्गावर प्रवेश फक्त इंटरचेंजवरूनच असल्याने, गावरस्ता चुकून महामार्गाला जोडला गेला तर मार्ग दाखवणारी ॲप वाहनांना कुंपणापाशी नेऊन सोडतात. महामार्गालगतच्या गावात काम करणाऱ्याने पहिली फेरी या बोगद्यांचीच करावी.

ड्रोन केव्हा वापरावा

उपलब्ध चित्र फार जुने किंवा धूसर असेल तेव्हाच ड्रोनचा विचार करावा, कारण त्यात श्रम आणि नियम दोन्ही जास्त आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, वेगळ्या परवानगीविना उडवता येते. लागोपाठच्या फोटोंत ७५ ते ८० टक्के आणि शेजारच्या ओळींत सुमारे ७० टक्के भाग सामाईक ठेवावा, दुपारच्या सुमारास उडवावा म्हणजे सावल्या आखूड राहतात, आणि ओपनड्रोनमॅप या मुक्त प्रणालीतून एकसंध चित्र तयार करावे. १०० मीटर उंचीवरून चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवरच्या साधारण तीन-चार सेंटिमीटरचा येतो. परंतु ठिपका लहान म्हणजे चित्र जागेवर बसले असे नव्हे. जमिनीवर आधी खुणा करून त्यांची जागा चांगल्या जीपीएसने मोजलेली नसेल, तर असे सुंदर चित्रही दोन-चार मीटर सरकलेलेच असते.

२०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या अंतरात एक मीटरपेक्षा अधिक अचूक असलेली माहिती भारतीय व्यक्ती आणि संस्था यांनीच तयार करावी आणि ती देशातच साठवावी व तिच्यावर देशातच प्रक्रिया करावी असे बंधन आहे. खुणा मोजून अचूक बसवलेले ड्रोनचे चित्र परदेशी सर्व्हरवर चढवण्याआधी हे कलम वाचावे. ‘स्वामित्व’ योजनेखाली गावठाणांचे ड्रोनने सर्वेक्षण होते, म्हणून त्याचा नकाशा ग्रामपंचायतीत पाहायला मिळू शकतो. पण तो पाहता येतो म्हणून त्यावरून गिरवता येतो असे होत नाही. शिवाय मिळकतींच्या हद्दी दाखवणे हे ओपनस्ट्रीटमॅपचे काम नव्हे, आणि गावात त्यावरून वाद ओढवून घेण्याचे कारण नाही.

बदल चढवताना

एका वेळी गावाचा एकच भाग आणि एकाच प्रकारचे काम चढवावे. इमारती एका चेंजसेटमध्ये, म्हणजे एकत्र चढवलेल्या बदलांच्या एका गठ्ठ्यात, रस्त्यांचे पृष्ठभाग दुसऱ्यात, असे केले की चूक सापडल्यास तेवढेच मागे घेता येते. स्रोताच्या रकान्यात कोणते हवाई चित्र, कोणत्या महिन्यातले फोटो आणि काय प्रत्यक्ष पाहिले, हे वेगवेगळे लिहावे. हवाई चित्राला ऑफसेट लावला असेल तर तो कोणत्या रस्त्यावर जुळवला हेही टिप्पणीत नोंदवावे, नाही तर पुढचा मॅपर न सरकवलेले चित्र उघडून सगळ्या इमारती चुकल्या आहेत असे समजेल आणि आपले काम त्याच्या चित्राकडे ओढून नेईल.

चढवलेला नकाशा काही दिवसांनी ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या ॲपमध्ये ताजा करून, गावच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी, दुचाकी आणि मोटार असे तीन मार्ग मागून पाहावेत. मार्ग विचित्र वळसा घालत असेल तर बहुधा दोन रस्ते दिसायला जुळलेले पण प्रत्यक्षात जोडलेले नसतात, आणि पुलाऐवजी बंधाऱ्यावरून जात असेल तर टॅग राहिलेला असतो. फरशी पूल, कच्चे रस्ते आणि बाजारपेठेतली दुकाने यांना तपासणीच्या तारखेचा टॅग द्यावा आणि पाऊस सरल्यावर, बर्गे बसवले जातात त्या सुमारास, त्यांचे फोटो पुन्हा काढावेत.